चवळी म्हणून आणलेली भाजी

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी माझ्या हातातली जुडी घेतली, एक देठ मोडला, पान उलटे करून पाहिले आणि विचारले, "हे काय म्हणून आणलंयस?"

"चवळी, मॅडम. प्रमाणपत्र हवंय."

वापरलेली वनस्पती नेमकी कोणती, याची तज्ज्ञाच्या सहीने दिलेली खात्री प्रबंधाला जोडावी लागते. मला तो सोपस्कार वाटत होता, म्हणून तो सर्वांत शेवटी ठेवला होता.

"चवळीला एका देठावर तीन पानं असतात. हे बघ, एकेकटं पान आहे. हा माठाचा भाऊबंद. तू केमिस्ट्रीची ना?"

"हो."

"वाटलंच."

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता, शेंगवर्गीय भाज्यांच्या पाल्यातील अँटिऑक्सिडंट. मेथी, हरभरा, टाकळा आणि चवळी असे चार पाले. माठाचा शेंगवर्गाशी काहीही संबंध नाही. म्हणजे चारातला एक पाला मुळात माझ्या विषयातलाच नव्हता, आणि तो एक म्हणजे माझा सर्वांत चांगला निकाल होता.

पद्धत साधी होती. आमच्या प्रयोगशाळेत साधीच परवडते. पाला सावलीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा, मिथेनॉलमध्ये भिजवून गाळायचा. मग तो अर्क एका गर्द जांभळ्या द्रावणात घालून अंधारात ठेवायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असतील तितका जांभळा रंग उडतो आणि द्रावण पिवळट होते. रंग किती उडाला, ते कलरीमीटर सांगतो. आमच्या कलरीमीटरला गरम व्हायला वेळ लागतो आणि शेजारी कोणी पंखा लावला की त्याचा आकडा थरथरतो. अशा यंत्रावर प्रत्येक नमुन्याची तीन वाचने एकमेकांशी जुळवताना माझा पूर्ण हिवाळा गेला होता. बाकीचे तीन पाले रडतखडत रंग उडवत. माझी 'चवळी' मात्र बघता बघता द्रावण पिवळे करी. पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी मुंबईतल्या एका संस्थेला मी जो सारांश पाठवला होता, त्याचे पहिलेच वाक्य त्या पिवळ्या रंगावर उभे होते. मुलाखतीला कोणाला बोलवायचे, ते त्या सारांशावरून ठरणार होते.

महाविद्यालयातून मी थेट कॅम्प पाच या सिंधी वस्तीच्या बाजारात गेले. सर्व जुड्या एकाच सिंधी भाजीवाल्याकडून आल्या होत्या.

"भैया, ये चवली है?"

"चवली ही है."

"ये तो माठ जैसा कुछ है."

"मैडम, आपने चवली बोला, हमने चवली दिया. इधर पूरा कॅम्प इसको चवली बोलता है. चौलाई बोलो, चवलई बोलो, आपकी मर्जी. और शेंगवाली चवली का पत्ता तो हम रखते ही नहीं, कौन लेगा?"

भांडायला जागाच नव्हती. चवळई हा शब्द कुठेतरी, कोणाच्या तरी तोंडात अर्धा गिळला गेला, आणि दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती एकाच नावाखाली आल्या. बाजाराचे त्याने काही अडत नाही. अडले होते ते माझे.

बदलापूरला घरी, खरवईत, आईला सांगितले तेव्हा ती तीच भाजी निवडत होती.

"हिला आमच्याकडे साताऱ्याला तांदुळजा म्हणायचे," ती म्हणाली. "इकडे आल्यावर मीपण चवळी म्हणायला लागले. नाहीतर भाजीवाल्याला कळायचं नाही."

"मग मला सांगायचं ना."

"तू विचारलंस कधी? एवढ्या जुड्या आणून वाळत घातल्यास, एकदा तरी भाजी करून खाल्लीस का? आणि चवळीचा पाला कोण खातं गं? शेरडं खातात."

"आई, मी खाण्यासाठी नाही, मोजण्यासाठी आणत होते."

"तेच म्हणतेय मी."

मार्गदर्शक सरांना सर्व प्रकरण फारच क्षुल्लक वाटले. "शीर्षकातून 'शेंगवर्गीय' काढ आणि 'पालेभाज्या' घाल," ते म्हणाले. मी म्हटले, शीर्षक विद्यापीठात मंजूर झाले आहे. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग राहू दे आहे तसं. परीक्षक काय, जुडी घेऊन बसणार आहेत? चवळी लिहिलंय, चवळी वाचतील."

"पण ती चवळी नाहीये, सर."

"तू फार लांबचा विचार करतेस. आधी सबमिट कर."

मला राग आला तो त्यांच्या सल्ल्याचा कमी आणि तो किती सहज पचला असता, याचा जास्त. खरोखरच कोणी विचारले नसते. वाचने खरी होती, आलेख खरा होता, खोटे होते ते फक्त आलेखाखालचे लॅटिन नाव. रसायनशास्त्र शिकताना मी वजन, तापमान, तरंगलांबी या सगळ्यांवर संशय घ्यायला शिकले होते. पिशवीतून काय बाहेर येते, यावर संशय घ्यायला मला कोणी शिकवले नव्हते, आणि मलाही ते सुचले नव्हते.

मॅडमनीच जांभूळ गावातल्या एका शेताचा पत्ता दिला. शेंगांसाठी चवळी लावलेली होती. बांधावर उभ्या असलेल्या मावशींना मी पाला मागितला.

"पाला आमी बकऱ्यांना घालतो. तुला कशाला पायजे?"

"तपासायचाय."

"का? काय झालाय बकऱ्यांना? बरी हायेत."

त्यांनी मला पिशवीभर पाला तोडू दिला. प्रत्येक देठावर तीन पाने होती. मी प्रत्येक देठ पाहिला.

तो वाळला, दळला, भिजला, गाळला. जांभळ्या द्रावणात घातला आणि मी कपाटाचे दार लावले. बाहेर काढला तेव्हा द्रावण जांभळेच होते, थोडे विटलेले, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडासारखे. पुन्हा केले. पंखा बंद करून केले. तिन्ही वाचने इतकी छान जुळली की मला ओरडावेसे वाटले. साऱ्या हिवाळ्यात एकदाही इतकी जुळली नव्हती. शेंगवर्गाच्या माझ्या चार पाल्यांत खरी चवळी टाकळ्याच्याही खाली, तळाला होती.

सर म्हणाले, "बघ, म्हणजे आकडाही गेला आणि वेळही." दोन्ही गोष्टी बरोबर होत्या.

मग प्रयोगशाळेतल्याच संगणकावर बसून संस्थेसाठी दुरुस्त सारांश लिहिला. चुकीची ओळख झालेला नमुना मागे घेतला आहे, हे एका वाक्यात सांगितले, कारण दिले नाही. कारण सांगायला घेतले असते तर अर्धे पान बाजाराच्या भाषेवरच गेले असते. पहिले वाक्य काढून टाकले. दुसरे त्याच्या जागी आले. पाठवण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचून पाहिले. चार पाले, चारींचे आकडे जवळजवळ सारखे, पद्धत नेहमीची, निष्कर्ष सावध. एकही चूक सापडली नाही. असा सारांश दुसऱ्या कोणाचा माझ्या हाती आला असता, तर मी तो अर्ध्यात सोडून पुढचा उचलला असता. मी तो पाठवला.