पेल्यातली धार

आमच्याकडे काचेच्या पेल्यांचा एक सुंदर सेट आहे. त्यातल्या एका पेल्यातून कुणी पाणी पीत नाही, कारण त्यात आमचे हे दाढीच्या ब्लेडला धार लावतात.

हे रेल्वेत इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर मानक नगरचं क्वार्टर सोडून आम्ही इथेच, उत्तरेतल्या याच शहरात, विकास नगरात आलो आणि सामान लावताना माझ्या सासऱ्यांचा पितळी सेफ्टी रेझर सापडला. झालं! ज्यांनी जन्मात कधी पंख्याचं बटण आठवणीनं बंद केलं नाही, त्यांच्या अंगात काटकसर संचारली. सासरे म्हणे एकच ब्लेड महिनोन्‌महिने वापरत. पेल्याच्या आतल्या बाजूला ब्लेड टेकवायचं, वर बोट दाबून इकडून तिकडे घासायचं, मग उलटं करून पुन्हा तेच. "ब्लेड बोथट होत नाही गं, माणूस आळशी होतो," हे मला रोज ऐकावं लागे. ऐकवणाऱ्याच्या हनुवटीवर तेव्हा कापसाचे बोळे चिकटलेले असत.

मुलगा म्हणाला, "बाबा, यार, ट्रिमर ले लो ना." त्याला पुढच्या पिढीच्या उधळपट्टीवर व्याख्यान मिळालं.

मला मात्र ते रोजचं रक्त बघवेना. मी बाजारातून त्याच कंपनीची ब्लेडं आणली. हे सकाळी फिरायला गेले की मी अधूनमधून रेझरमधलं जुनं ब्लेड काढून नवं बसवू लागले. परत आल्यावर हे त्या कोऱ्या ब्लेडला पेल्यात घासत, दाढी करत आणि गालावरून हात फिरवत म्हणत, "बघ, काय धार आलीय!"

"भाभीजी, भाईसाहब की दाढ़ी बहुत तेज़ बढ़ती है क्या?" दुकानदारानं एकदा विचारलंच.

"दाढ़ी नहीं भैया, घमंड," मी म्हटलं.

गणपतीत इथल्या मराठी मंडळात 'टाकाऊतून टिकाऊ' असा एक कार्यक्रम असतो. एरवी त्यात बायका जुन्या साड्यांच्या पिशव्या आणि बाटल्यांची फुलं मांडतात. यंदा ह्यांनी नाव दिलं. पेल्यात धार लावून व्यासपीठावर, सगळ्यांसमोर दाढी! निवृत्तीनंतर ह्यांचा सल्ला विचारायला कुणी फिरकत नव्हतं. आता हे आरशासमोर भाषण पाठ करत होते, आणि इतक्या खुशीत मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटत होतं, ते वाक्य कानावर पडेपर्यंत.

"आमच्या सौभाग्यवतींना वस्तू फेकून द्यायची भारी हौस. हा संसार टिकला तो माझ्यामुळे."

कार्यक्रमाच्या सकाळी नवं ब्लेड माझ्या हातात होतं. ते मी परत कपाटात ठेवलं. होऊन जाऊ दे म्हटलं एकदा.

संध्याकाळी त्या वाक्याला हॉल खो-खो हसला. बायकासुद्धा! मी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले. माइकमधून पेल्याची किरकिर ऐकू आली, ह्यांनी तोंडाला फेस लावला आणि रेझर टेकवला. पहिला फटकारा कसाबसा पार पडला. दुसऱ्याला जबड्याखाली फेस लाल झाला. कुणीतरी हसलं, मग कुणीच हसेना. माझा राग कुठल्या कुठे गेला. वर जाऊन हात धरून त्यांना खाली आणावं असं वाटलं.

ह्यांनी तुरटीचा खडा जखमेवर दाबला. "वेळेअभावी इथेच थांबतो," म्हणाले आणि अर्ध्या फेसानिशी खाली उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांना वाजवतात तशा.

माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ह्यांनी रुमाल हनुवटीवर धरला आणि समोर बघतच, मला एकटीला ऐकू येईल असं विचारलं, "आज ब्लेड बदलायचं राहिलं का गं?"