अळणी पाण्यातली कोलंबी

माझ्या घरी चाळीसेक कोलंब्या आहेत आणि त्यांतली एकही आम्ही खाणार नाही. हे वाक्य मी सासुरवाडीच्या पंगतीत पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा वाढणाऱ्या बाईचा डाव कालवणाच्या पातेल्यातच थांबला. बायकोच्या मोठ्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हलकेच तिला विचारलं, "हापिसात लय काम हाय का याला?"

त्यांचंही चूक नव्हतं. माझी सासुरवाडी भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या अंगाची. घरची मिठागरं होती, थोडं भात होतं. मिठागरं बंद पडली, भातावर इमारती आल्या, पण जिभेला अजून खाडीच ठाऊक. कोलंबी म्हणजे भरतीबरोबर दारापर्यंत येणारी आणि वांग्याबरोबर पातेल्यात जाणारी वस्तू. तिला काचेच्या पेटीत ठेवून उकडलेला पालक भरवणारा जावई त्यांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता.

मला खरं तर कुत्रा हवा होता. बायकोच्या अटी अशा: भुंकणारं नको, केस गाळणारं नको, आणि रोज फिरवून आणावं लागेल असं तर नकोच, कारण तू स्वतःलाच फिरवून आणत नाहीस. एवढ्या चाळणीतून जे खाली पडलं ते मला सिल्व्हर पार्कमधल्या एका माशांच्या दुकानात दिसलं. हिरव्यागार शेवाळावर नखाएवढ्या लालभडक कोलंब्या बसल्या होत्या आणि सगळ्या जणी हाताने भराभर काहीतरी तोंडात टाकत होत्या. लग्नात बुफेची प्लेट घेऊन उभ्या असलेल्या बायकांसारख्या. मी तिथेच विरघळलो.

"ये झिंगा कैसे दिया?" मी विचारलं. दुकानदाराच्या चेहऱ्यावर खरोखरची वेदना उमटली. "साहब, झिंगा मच्छी मार्केट में मिलता है," तो म्हणाला. "ये चेरी श्रिम्प है." एखाद्या खानदानी बाईंची ओळख करून द्यावी तसं. मग त्याने मला अर्धा तास शिकवलं. फिल्टर स्पंजचाच हवा, नाहीतर पिल्लं ओढली जातात. पाण्यात एकदम सोडायचं नाही, बूंद बूंद सवय लावायची. आणि निघताना म्हणाला, "दो महीने बाद गिनना छोड़ दोगे. एक के अंडे फूटे नहीं कि दूसरी तैयार." हे त्याचं शेवटचं वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं, तुम्हीही ठेवा.

वीस घेतल्या. पिशवीत मोजायला गेलो तर कधी सतरा भरत, कधी तेवीस. बेव्हर्ली पार्कातल्या घरी येऊन त्यांना बादलीत सोडलं, टाकीतून एक बारीक नळी काढून तिला सैल गाठ मारली, आणि टाकीचं पाणी थेंब थेंब बादलीत पडू दिलं. दीड तास. मी पाटावर बसून होतो, सलाईन लावलेल्या पेशंटजवळ नातेवाईक बसतो तसा. बायको मला दोनदा ओलांडून गेली.

त्यानंतर महिन्याभरात माझे सासरे आमच्याकडे आले.

सासूबाई गेल्यापासून ते गावच्या घरात एकटे होते. अंगणात पाणी भरताना घसरले आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. मी गाडी काढली, दवाखान्यात प्लास्टर घातलं, परतताना घराला कुलूप लावून चारच्या चहाला त्यांना आमच्या सातव्या मजल्यावर आणून बसवलं. मोठ्या कार्यक्षमतेने. सोबत सामान दोनच: एक रेक्झिनची बॅग आणि चिनी मातीची बरणी. बरणीत खडे मीठ, त्यांच्या आगरातल्या शेवटच्या राशीचं.

बॅग त्यांनी दाराजवळ चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवली आणि तिथून ती हलू दिली नाही. सदरा हवा असला की त्यातून काढायचा, धुऊन वाळला की परत त्यातच. कपाटात त्यांच्यासाठी खण रिकामा केला होता, तो रिकामाच राहिला. आणि रोज चहा संपला की कप खाली ठेवता ठेवता म्हणायचं, "प्लास्टर निघालं की जातो."

त्यांनी कायमचं राहावं अशी माझ्या बायकोची इच्छा होती. तसं तिने बापाला कधी म्हटलं नाही. त्या घराण्यात कोणी कोणाला असं म्हणत नाही. पण बँकेतून आली की ती आधी बॅगेकडे बघायची, मग बापाकडे. बॅग आत गेली तर ते राहिले. दाराबाहेर गेली तर ते पुन्हा त्या अंगणात एकटे, आणि ही इथे फोन उशाशी घेऊन झोपणार. सगळं त्या बॅगेवर येऊन ठेपलं होतं.

आमच्याकडे तोवर एक रिवाज पडला होता. रविवारी जेवणात कोलंबी असली की टाकीवर पंचा टाकायचा. उगाच त्या बिचाऱ्यांना नातेवाईक ताटात का दिसावेत? मी हे काम नाटकातल्या पडद्यासारखं करायचो, घंटी वगैरे वाजवून. सासऱ्यांनी पहिल्या रविवारी हा प्रयोग पाहिला, घास तोंडाशी तसाच धरून. मग लेकीला म्हणाले, "बरा हाय ना गं हा?"

त्यांचं आणि टाकीचं जुळलं ते एका अंत्यविधीमुळे. एका सकाळी शेवाळावर मला पाय-मिशांसकट एक पांढरट, आरपार दिसणारं प्रेत सापडलं. मी चहाच्या गाळणीत ते उचललं, दोन शब्द बोललो, आणि तुळशीच्या कुंडीकडे निघालो. सासऱ्यांनी वाटेत अडवलं, प्रेत तळहातावर घेतलं आणि हलकेच फुंकर मारली. प्रेत उडालं.

"मेली न्हाय," ते म्हणाले. "कापडं बदललीत तिनं. टाक परत, खाईल ती." आणि हसले. आमच्या घरात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची बाल्कनीतून टाकीसमोर आली. मी ऑफिसातून आलो की मला बातम्या मिळू लागल्या. मोठी दिवसभर दगडाखाली होती. ती अर्ध्या मिशीची दांडगट हाय, दुसऱ्यांच्या तोंडचा पालक पळवते. बायको माझ्याकडे बघून भुवया उडवायची. बॅग मात्र दाराशीच.

मग एका मंगळवारी मी घरी आलो तर सगळ्या कोलंब्या फिल्टरच्या नळीवरून वर, पाण्याच्या अगदी कडेला चढून बसलेल्या. दोन-तीन तळाशी आडव्या. आणि रेतीवर पांढरे खडे.

सासरे समोर बसले होते, एखादं काम हातावेगळं केल्याच्या समाधानात. "जावय, पानी पार अलनी होतं," ते म्हणाले. "बोट बुडवून चाखलं. कोलंबी अलनी पान्यात कशी जगंल? मूठभर टाकलंय. आपलंच हाय, दुकानातलं न्हाय."

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. ज्या बरणीतलं मीठ ते स्वतःच्या भातावरही जपून घेत, त्यातली मूठ त्यांनी माझ्या कोलंब्यांना दिली होती. पण मला तेव्हा फक्त त्या आडव्या पडलेल्या दिसत होत्या. मी म्हणालो, "मामा, ही तुमच्या खाडीतली नाही. माहीत नसलं तर हात लावू नये माणसाने."

त्यांनी टाकीकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं. मग उठून बाल्कनीतला वाळता सदरा काढला आणि बॅगेत कोंबला. एका हाताने चेन लागेना, तेव्हा बसून बॅग गुडघ्यांत धरली आणि ओढू लागले. नेमकी त्या वेळी दारात किल्ली फिरली आणि बायको आत आली.

तिने आधी बॅगच पाहिली. मी घाईघाईने माझी बाजू मांडली: मीठ असं एकदम टाकून कसं चालेल, ह्या नाजूक असतात, एका पाण्यातून दुसऱ्यात घालताना थेंब थेंब सवय लावावी लागते, मी स्वतः दीड तास बसलो होतो.

ती चपला काढता काढता अगदी हळू म्हणाली, "कोलंबीला दीड तास दिलास तू. माझ्या बाबांना एका दुपारीत उचलून आणलंस."

ती बापासमोर जमिनीवर बसली. "बाबा," ती म्हणाली, "हे पाणी आता परत अळणी कसं करायचं? याला नाही जमणार."

बॅग गुडघ्यांत तशीच होती. त्यांनी चेनवरचा हात काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बादली आन. एकदम वतू नको."

पुढे जे पाहिलं ते मी मन लावून पाहिलं. या माणसाने आयुष्यभर हेच केलं होतं. बांधातली लाकडी झडप किती वर उचलायची, भरतीचं पाणी किती आत घ्यायचं, ते या खाचरातून त्या खाचरात कधी सोडायचं, सगळं जिभेवर. माझी नळी त्यांनी हातात घेतली, गाठ उजव्या हाताच्या दोन बोटांत धरली, किंचित सैल केली, पुन्हा आवळली, आणि गोडं पाणी टाकीत असं पडू लागलं की थेंब पडल्याचा आवाजही येईना. मी मगाने खारट पाणी काढत होतो. दर थोड्या वेळाने ते बोट बुडवून चाखत. मीही चाखलं. तिसऱ्या वेळेनंतर मला काही फरक कळेना.

"तुजी जीब चहानं मेलीय," ते म्हणाले.

त्या दिवशी जेवणं होईपर्यंत हेच चाललं, मग दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जाहीर केलं की पाणी आता अळणी. चार गेल्या. त्यांना तुळशीच्या कुंडीत ठेवण्याचं काम सासऱ्यांनी स्वतः केलं. या वेळी भाषण झालं नाही. मी शेजारी उभा राहून म्हणालो की मामा, त्या दिवशी मी बोललो ते...

"खोटं न्हाय बोललास," ते म्हणाले. "ही खाडीतली न्हाय." माती सारखी करून झाल्यावर पुढचं आलं. "पर कोलंबी हाय."

तरी बॅग दाराशीच राहिली, आणि पंधरा दिवसांनी प्लास्टर निघालं. दुसऱ्या सकाळी ते आंघोळ करून पांढरा सदरा, टोपी घालून तयार. बायको ओट्याशी डबा भरत होती आणि कोथिंबीर चिरत होती. एवढी कोथिंबीर की ती आठवडाभर पुरली असती. मी गाडीची किल्ली शोधण्याचं नाटक करत होतो; ती माझ्या खिशात होती. सासरे बॅग हातात घेऊन टाकीचा निरोप घ्यायला वाकले. वाकले ते वाकलेच.

"जावय, चष्मा दे."

मी दिला. त्यांनी नाक काचेला लावलं. "पोटुशी हाय ही," ते म्हणाले.

खरंच होती. मोठीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस होता, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं एकेक, आणि ती पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती. ओट्यावरचा सुरीचा आवाज थांबला.

"किती दिस लागतात?" त्यांनी विचारलं.

"महिना," मी म्हणालो. "कधी सव्वा." यातला सव्वा माझ्या पदरचा.

"पोटुशीला टाकून जाऊ न्हाय," असं त्यांनी टाकीलाच सांगितलं आणि बॅग खाली ठेवली. "पोरं सुटली की जातो."

पोरं सुटली. इतकी बारीक की ती आधी फक्त त्यांनाच दिसत आणि मला दिसल्यासारखं करावं लागे. पण तोवर अर्ध्या मिशीची दांडगट अंड्यांवर आली होती. तिची होईपर्यंत आणखी एक. सिल्व्हर पार्कच्या माणसाचं ते वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरज असेल असंही वाटत नाही. आयुष्यभर खाडी पाहिलेला माणूस आहे. तो विचारत नाही, मी बोलत नाही. मधेच कधीतरी ती बॅग दाराशी दिसेनाशी झाली. चेन लावलेली, रिकामी, ती माळ्यावर सापडली, आणि तिथे कोणी ठेवली हे आमच्यापैकी कोणीच कबूल केलेलं नाही. खणात सदरे आहेत. चिनी मातीची बरणी ओट्यावर आहे, टाकीपासून लांब.

परवाच्या रविवारी बायकोने कोलंबीचं कालवण केलं होतं. मी पंच्याकडे हात नेला तर तो जागेवर नव्हता. सासरे आधीच उठले होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी झटकला, टाकीवर नीट पसरला, आणि एक कोपरा उचलून आत डोकावले.

"एक अजून भरलीय," ते पाटावर बसता बसता लेकीला म्हणाले. "म्हंजे आता दिवाली हितंच." आणि ताट पुढे ओढून म्हणाले, "कालवनात मीठ कमी हाय."

ती बरणी आणायला उठली.