वर्षाची उडी

विमानातून उडी मारणं म्हणजे पोहण्यासारखं, एकदा आलं की जन्माचं आलं, असं लोकांना वाटतं. डोंबलाचं! आमच्या पलटणीत उडीचा परवाना वर्षाचा असायचा. शिकताना ठरलेल्या उड्या धडपणे पार पडल्या की बाहीवर पंख शिवून मिळायचे. ते टिकवायचे तर दर वर्षी नेमून दिलेल्या दिवशी पुन्हा छत्री पाठीला बांधायची, पुन्हा विमानात चढायचं आणि पुन्हा खाली झेप घ्यायची. नाही घेतली तर पंख उसवून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे आणि साध्या पायदळात चालू लागायचं. जुन्या माणसांना थोडी सूट मिळे, त्यांची उडी मागेपुढे करत. आम्हां नव्यांना कोण विचारतो!

माझं ते पहिलंच वर्ष. माझ्या उडीचा दिवस ठरला श्रावणातला बुधवार, आग्र्याला. त्याच्या आधीचा रविवार नेमका कानबाईचा. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते आणि माणूस कुठेही असो, त्या दिवशी घरी येतो. मी रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "जा. पण बुधवारी सकाळी मैदानावर दिसला नाहीस, तर विमान तुझ्यासाठी परत येणार नाही. नवा आहेस, लक्षात ठेव."

मी मनात गणित मांडलं. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर पोचवायची, लगेच नदी ओलांडायची, संध्याकाळी नंदुरबारला गाडी धरायची, भुसावळला बदलायची, मंगळवार गाडीत काढायचा आणि रात्री आग्रा. सगळं बरोबर होतं. फक्त तापी आपलं ऐकेल हे मी परस्पर धरून चाललो होतो.

आमचं गाव तापीच्या उत्तर काठावर, शहाद्याच्या अंगाला. स्टेशन पलीकडे. आमच्याकडे तेव्हा पूल नव्हता. एक नाव होती आणि ती चालवणारा एक म्हातारा, ज्याला अख्खं गाव नाना म्हणायचं. याच नदीत माझे वडील गेले. पुरात वरून लाकडाचे ओंडके वाहत येत आणि ते धरायला काठावरचे पट्टीचे पोहणारे उड्या टाकत. वडील त्यात सगळ्यांच्या पुढे. एका पावसाळ्यात त्यांनी उडी टाकली आणि ते वर आलेच नाहीत. मी तेव्हा मायच्या कडेवर होतो. माझ्यानंतर तिला दुसरं कोणी नाही.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणासाठी, गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने. प्रत्येकाचं वेगळं माप, अगदी पाळण्यातल्या पोराचंसुद्धा. चुलत्यांच्या घरी मापांवर मापं निघत, गव्हाचा ढीग होई. आमच्या घरी एकच माप निघायचं, माझं. माय ते दोन्ही हातांनी उचलायची आणि एकही दाणा खाली सांडू द्यायची नाही.

रविवारी रोट जेवायला बसलो होतो. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, म्हणून दार लोटलेलं होतं. माय मला वाढत होती आणि एकाएकी म्हणाली, "आते तं तू पास व्हई गया ना? आते परत उडी नही ना?"

मी हसलो. पलटणीत आम्ही उडीचं नाव काढलं की हसायचो, तशी सवयच लागली होती, घरी आलो तरी तीच. म्हटलं, "दर सालले मारनी पडस, माय. नही मारी तं पंख काढी लेतस."

"मंग?"

"मंग काय? साधी पलटन. पायी चालनं."

तिचा हात खिरीच्या भांड्यातच राहिला. "म्हंजे उडी बंद?"

"बंद."

काय अवदसा आठवली आणि मी बोलून गेलो! तिने वाटी भरून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, विषय मिटला. मी आणखी एक वाटी खीर मागून घेतली.

त्या रात्री कानबाईपुढे बायकांची गाणी चालली होती आणि सातपुड्याच्या बाजूला आभाळ सारखं लखलखत होतं. सकाळी नदीवर गेलो तर पाणी गेरूसारखं झालेलं. अजून पात्रातच होतं, पण चढत होतं. नाना नावेला दोर बांधत होता. मला पाहून म्हणाला, "कानबाई लवकर लई या. दुपार व्हयनी का नाव निंघाव नही. वर दाबीसन पानी पडेल शे."

धावत घरी आलो, अंगात वर्दी चढवली आणि सगळ्यांना घाई करायला लागलो. आमच्याकडे नदीवर न्यायला कानबाईचा पाट दरवर्षी माझा थोरला चुलतभाऊ डोक्यावर उचलायचा. तो टोपी घालून तयार होता. माय पुढे झाली आणि म्हणाली, "अवंदा मन्हा आंडोर उचली."

बायकांनी हो हो केलं. तिचा मुलगा, पलटणीतला गडी, एवढ्या लांबून आलेला, त्याचाच मान! मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाट डोक्यावर आला तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

आमच्या घरची रीत अशी, की कानबाई डोक्यावर घेतली की नदीच्या पाण्याला पाय लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाट खाली टेकायचा नाही. आणि बायका थांब म्हणतील तिथे थांबायचं. एरवी भाऊबंदांच्या दारात थांबतात, पाटवाल्याच्या पायावर पाणी घालतात, देवीला ओवाळतात आणि पुढे जातात. त्या दिवशी माय पुढे चालत होती आणि दर दारात थांबत होती. भाऊबंद झाले, शेजारी झाले. मग ज्यांच्याशी आमचं जाणं-येणं नाही त्यांच्याही दारात ती उभी राहिली, "कानबाई उनी व, पानी आना!" म्हणून हाका मारायला लागली. आणि देवी दारात आल्यावर नाही कोण म्हणणार? घरातल्या बायका तांब्या शोधायच्या, निरांजन शोधायच्या, वात भिजवायच्या. मी उभा. ढोलवाल्याला वाटलं, आज काय उत्साह आहे! तो आणखी जोर करायचा. बायका फुगड्या घालायच्या. मी उभाच.

बोलता येत नव्हतं. डोळे वटारून पाहिलं तर माय माझ्याकडे बघतच नव्हती. गल्लीच्या टोकाला नदी दिसत होती. आधी काठावरचा मोठा दगड दिसत होता, पुढच्या दाराला त्याचा निम्माच भाग दिसला, त्याच्या पुढच्या दाराला दगडच नाही. पावसाचं टिपूस नव्हतं, नुसतं कोंदलेलं ऊन, आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ. मान अवघडली. कोणीतरी म्हातारा कौतुकाने म्हणाला, "दखा, मान कशी ताठ शे!" मला वाटलं, पाट ठेवावा आणि याच्या मानगुटीला धरावं. देवीनेच त्या दिवशी मला आवरलं.

नदीवर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गुडघाभर पाण्यात गेलो, कानबाईला पाणी लागलं, चुलतभावाने पाट उतरवून घेतला आणि मी पहिला शब्द बोललो तो नानाला.

"नाना, चाल!"

नाना नदीकडे बघत बसला होता. म्हणाला, "दख जरा." मधल्या धारेत झाडाच्या फांद्या गरागरा फिरत चालल्या होत्या.

मी वळलो ते मायवर. सगळ्यांसमोर ओरडलो, "तू मुद्दाम करं!"

"हां," ती म्हणाली. "मुद्दाम करं."

ढोल थांबला. तिने पदर कमरेला खोचलेला होता आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. "तुले जमिनवर ठेवाले करं. कानबाईपुढे सांगीसन करं. काय करशी?"

मला रडू फुटलं. चांगला मिशा फुटलेला गडी, पलटणीचा शिपाई, अख्ख्या गावासमोर हमसून हमसून रडलो. संतापाने रडलो. म्हटलं, "सगळा म्हनतीन, भिईसन पळी गया. जलमभर म्हनतीन."

नाना उठला. नावेची कड हाताने दाबून पाहिली. मग मला नाही, मायला म्हणाला, "वयनी, आते बी निंघी. जराखा टाईम शे, त्यानंतर नही. पन तू हां म्हन, तव्हयच काढसू. त्यान्हा बाप गया तव्हय मी आठेच व्हतू. परत तुले तोंड दखाडानं माले जमाव नही."

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिला नुसती नाही म्हणून मान हलवायची होती की झालं. मी कायमचा जमिनीवर. ती पाण्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाण्याकडे.

"काढ नाव," ती म्हणाली. "मी बी येस."

"व काकी, तू कसाले?" चुलतभाऊ पुढे आला.

"बुडनूत तं दोन्ही बुडसूत," असं म्हणून ती नावेत चढून बसलीसुद्धा. वडील गेल्यापासून पुराच्या दिवसांत ती पाणी भरायलाही नदीवर येत नसे.

नानाने नाव आधी काठाकाठाने वर ओढत नेली, बरीच लांब. पुरात तापी सरळ ओलांडता येत नाही. वरून सुटायचं आणि धारेने तिरपं खाली नेलं की पलीकडच्या उताराला लागायचं. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी दोर सुटला आणि नाव मोकळी झाली, तेव्हा पोटात खड्डा पडला. तो खड्डा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. विमानाचं दार उघडतात तेव्हा पडतो तोच.

मधल्या धारेत शिरलो आणि नाव एका बाजूला कलंडली. पाणी आत आलं. माय तळाशी बसली होती, दोन्ही हातांनी माझा पाय घट्ट धरून. तिची नखं माझ्या पोटरीत रुतली. एक अख्खी बाभूळ, मुळांसकट, आमच्याच रोखाने येत होती. नाना ओरडला, "कोनी हालू नका!" त्याने बांबू असा टेकवला की तो वाकून मोडेल असं वाटलं. बाभळीच्या मुळ्या नावेच्या कडेला घासून गेल्या, माझ्या बाहीला चिखल लागला, आणि झाड पुढे निघून गेलं. मी देवाचं नाव घेत होतो की शिव्या देत होतो, मला सांगता येणार नाही. माय मात्र डोळे सताड उघडे ठेवून पाण्याकडे बघत होती. एकदाही मिटले नाहीत तिने.

आम्ही पलीकडे लागलो ते ठरलेल्या जागेच्या खूप खाली, कोणाच्या तरी कपाशीच्या बांधाला. नानाने नाव ओढून बांधली आणि तो तिथेच चिखलात बसला. माय उतरली, चार पावलं गेली आणि भडाभडा ओकली. मी तिची पाठ चोळायला लागलो तर तिने माझा हात झटकला.

तोंड धुतलं, पदराने पुसलं. मग विचारलं, "इमानमातून उडी मारस तव्हय पोटमा असंच व्हस का रे?"

"हां, माय. असंच."

"दर खेपले?"

"दर खेपले."

"भ्याव वाटस?"

मी इकडेतिकडे पाहिलं. पलटणीतलं कोणी ऐकत नव्हतं. "वाटस," म्हटलं. "भलतंच वाटस. दारमा उभा ऱ्हास तव्हय पाय कापतस."

खाडकन माझ्या गालावर बसली. पोरपणी बसायची तशीच, त्याच हाताची.

"मंग हासत कसाले सांगस, मेल्या?" ती ओरडली आणि रडायला लागली. "तुन्हा बाप हासत उडी मारे. त्याले भ्यावच वाटे नही. माले वाटनं, तू बी तसाच शे. इतला दिन माले जेवन गोड लागनं नही!"

हसत सांगितलं की तिला बरं वाटेल, असं मी धरून चाललो होतो. वर्षभर माझ्या त्या हसण्याने तिचा जीव खाल्ला होता आणि मला पत्ता नव्हता. मला स्वतःचीच चीड आली.

तिने माझ्या बाहीवरचा चिखल ओल्या पदराने पुसला. खाली पंख होते. ते तिने पहिल्यांदा नीट पाहिले, बोटाने चाचपले. "भ्यास ना? मंग जाय," ती म्हणाली. "भ्यासी तं हातपाय सांभाळशी. जाय, एसटी जाई निंघी."

ती आणि नाना पाणी उतरेपर्यंत त्याच काठावरच्या गावात राहणार होते. मी बांधावरून पळत सुटलो. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता. एसटी मिळाली, गाडी मिळाली, भुसावळला उभ्याने जागा मिळाली. मंगळवारी रात्री बऱ्याच उशिरा मी बराकीत शिरलो आणि कपडे न काढता आडवा झालो.

बुधवारी आम्हां नव्यांना एका विमानात भरलं. आवाजाने कानठळ्या बसत होत्या आणि तरीही प्रत्येकजण शेजाऱ्याला काहीतरी ओरडून सांगत होता आणि हसत होता. दार उघडलं. आत वारा घुसला. उड्या मारायला लावणारा हवालदार एकेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारत येत होता, "डर लगता है?" याचं उत्तर ठरलेलं. प्रत्येकजण छाती काढून ओरडायचा, "नहीं, उस्ताद!" आणि तो त्याच्या खांद्यावर थाप मारून पुढे सरकायचा.

माझ्यापाशी आला. "डर लगता है?"

मी म्हटलं, "लगता है, उस्ताद."

शेजारचा हसायचा थांबला. हवालदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तो खाली वाकला आणि माझ्या छत्रीचा एकेक पट्टा त्याने पुन्हा ओढून पाहिला.