वैशालीचा फॉर्म

हे मी आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं, पण अर्धं. अर्धं सांगणं न सांगण्यापेक्षा वाईट, कारण ते ऐकून त्याने माझी समजूत काढली आणि मी ती खुशाल काढून घेतली.

भोपाळच्या एका विद्यापीठात मी भौतिकशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी वीजबचतीचं काम माझ्याकडे आलं. आलं कसलं — मी मागून घेतलं. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी नागपूरहून इथे आले आणि इथलेच झाले. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की भरल्या ताटावरून उठायचे. ती खोड माझ्यातही उतरलीय. मी जुने दिवे बदलून घेतले, एसीवरून निम्म्या प्राध्यापकांशी भांडले. फक्त मुलींचं वसतिगृह हाती लागेना. थंडीत सकाळी तिथला मीटर नुसता पळत सुटायचा. कारण काय ते सगळ्यांना ठाऊक होतं — खोल्याखोल्यांत लपवलेले पाणी तापवायचे रॉड. पण किती? तो आकडा मिळाला तर छतावर सोलर गीझर मागता आले असते. आणि कबूल कोण करणार? रॉड सापडला की घरी पत्र, नाहीतर थेट वसतिगृहातून बाहेर, असा नियम होता.

ते वैशालीने करून दिलं. मुलताई गावची पोर, माझ्याच वर्गातली. रविवारी शाहपुऱ्याला आमच्या घरी पातोडीचा रस्सा खायला यायची. घरी मला मावशी म्हणायची. मी तिला शब्द दिला — नावं माझ्यापाशीच राहतील. तेवढ्या शब्दावर ती आठवडाभर दारोदार फिरली, एकेकीला पटवून खोलीत रॉड असल्याचं फॉर्मवर लिहून घेतलं, सगळ्यांत आधी स्वतःचा फॉर्म भरला. फॉर्मवर नाव आणि खोली नंबर हवेतच कशाला, असं विचाराल. बरोबर आहे तुमचं. पण त्याशिवाय आमच्याकडे कागदाला कागद म्हणत नाहीत.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. ती यायची म्हटली की आमच्याकडे प्रत्येक ओळीला पुरावा जोडतात — झाड लावलं तर खड्ड्याचासुद्धा फोटो. चीफ वॉर्डन म्हणाले, अहवालाला मूळ फॉर्म लावा, फाइलपुरतेच. मी गठ्ठा त्यांच्या हातात दिला. त्यांनी केसाने गळा कापला माझा — हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना आता खरंच डोळे भरून येतात.

पण मग — गठ्ठा देण्याआधी त्यातून वैशालीचा फॉर्म मी का काढून घेतला?

काढला. घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणजे पुढे काय होणार ते मला कळत होतं. मला कुणी फसवलं नव्हतं. अहवाल देखणा व्हावा म्हणून मी बाकीच्या मुली देऊन टाकल्या, आणि आपली तेवढी बाजूला काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी झडती झाली. फॉर्मवरच्या झाडून सगळ्या खोल्या उघडल्या, रॉड जप्त केले, घरी पत्रं पाठवली. दोघींना वसतिगृह सोडावं लागलं. जिने फॉर्म गोळा केले, एकट्या तिच्याच खोलीला कुणी हात लावला नाही. मुलींनी काय समजायचं? मेसमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसेना. तिच्या खोलीतली मुलगीसुद्धा सामान घेऊन दुसरीकडे गेली. वैशाली माझ्याकडे आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्ही एकदा सांगाल का त्यांना? माझं कुणी ऐकतच नाहीये."

मी हो म्हणाले. गेलेही. मेसमध्ये सगळ्या जमल्या होत्या. गीझरबद्दल मी बरंच बोलले — बोलतच राहिले. शेवटी एक मुलगी उभी राहिली. "मैम, बस इतना बता दीजिए, वॉर्डन सर को फॉर्म वैशाली ने दिए थे ना?"

वैशाली दाराशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटल्यासारखी दिसत होती. आता मावशी सांगेल आणि हे सगळं संपेल — असंच तिला वाटत असणार. आणखी काय वाटणार?

नवऱ्याला मी सांगितलंय की तेव्हा माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही, मी गप्प राहिले. खोटं आहे ते. माझी जीभ जराही अडखळली नाही. मी म्हणाले, "हाँ, उसी ने दिए थे."

आता छतावर गीझर आहेत. मुलींना सकाळी गरम पाणी मिळतं, मीटर ताळ्यावर आलाय, आणि समारंभात शाल माझ्या खांद्यावर पडली. वैशाली त्याच आठवड्यात एम.एस्सी. सोडून मुलताईला गेली. फॉर्म कुणाकडे होते ते तिला पक्कं माहीत होतं. मेसच्या दारात उभी राहून एका वाक्यात ती माझं नाव सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. मी तिचं सांगितलं.