मागच्या दाराचा उद्योग

कंपनी बंद पडली तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. हडपसरच्या त्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. गेटवर नोटीस लागली, आम्ही आठवडाभर गेटबाहेर घोळक्यानं उभे राहिलो आणि मग एकेक जण घरी जाऊन बसला. बाकीच्यांनी काही ना काही शोधलं. मीही चार ठिकाणी जाऊन आलो. समोरचा माणूस अर्जावरचं वय वाचायचा, चहा मागवायचा, आणि चहा आला की मला कळायचं, इथेही काम नाही.

बायको सदाशिव पेठेतल्या शाळेत शिकवायची. सकाळी ती बसनं जायची, मुलगी तिच्या कॉम्प्युटर क्लासच्या नोकरीवर. मग घरात मी एकटा. आमच्या गल्लीतले पुरुष स्कूटरी काढून निघून जाईपर्यंत मी पुढचं दार उघडत नसे. दूधवाल्यानं एकदा सहज विचारलं, "काय साहेब, आज सुट्टी?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी पातेलं दाराबाहेर ठेवायला लागलो.

शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं. आमची वसाहत व्हायच्या कितीतरी आधीपासून ते तिथे राहत होते. नवऱ्याचं बुधवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान. बायकोला सगळी गल्ली भाभी म्हणायची, म्हणून मीही. त्यांच्या घरावर दुसरा मजला चढत होता, अंगणभर वाळू आणि विटा. एका सकाळी भाभी काखेत कोंबडी घेऊन मधल्या भिंतीशी आल्या.

"भाऊ, हिला जरा ठेवता का तुमच्याकडे? खुडूक झालीय. विटांच्या ढिगावर जाऊन बसते. गवंड्याच्या पायाखाली येईल एखाद दिवशी."

खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसण्याच्या ध्यासानं पेटलेली कोंबडी. तिला खाणंपिणं सुचत नाही, अंडी नसली तर दगड घेऊन बसेल. मी कोंबडी घेतली, पण मनात आलं, भाभींनी मलाच का विचारलं? कारण मी घरी असतो. कामावर जाणाऱ्या पुरुषाला कुणी कोंबडी सांभाळायला देत नाही.

भाभींनी अंडीही दिली. मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या दगडाशेजारी मी खोक्यात पेंढा घातला, पुढे गोणपाटाचा पडदा सोडला आणि तिला बसवलं. आणि मग, खरं सांगायचं तर, मी त्यात गुंतलो. अंडं बॅटरीपुढे धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. काही अंड्यांत ते दिसत नाही, ती बाजूला काढायची. तीन आठवड्यांनी गोणपाटाआडून चिवचिव ऐकू आली, तेव्हा मी बायकोला हाक मारली. ती खांद्याला पर्स लावून निघायच्या बेतात होती. वाकून पाहिलं, हसली, म्हणाली, "गोड आहेत. पण बाहेर कुणाला सांगत बसू नका हं."

पुढच्या वर्षभरात अंगण भरलं. बाजारातून उंच पायांचा, तांबडा कोंबडा आणला. कुठली कोंबडी नीट बसते, कुणाची पिल्लं आजाराला टिकतात, हे मी बघत राहिलो आणि त्यांचीच अंडी पुढे उबवायला ठेवत गेलो. खत साठायला लागलं, म्हणून उन्हाळ्यात वाफे केले. पहिल्या वेळी ताजी विष्ठाच मुळाशी घातली आणि सगळी भेंडी जळून गेली. नंतर खड्ड्यात कुजवून घालायला शिकलो. नळाला पाणी पहाटे तासभर यायचं, तेवढ्यात पिंपं भरायची. वर बायकोच्या जुन्या साड्या ताणून सावली केली. गवार, भेंडी, काकडी, भिंतीवर दोडक्याचा वेल. कोंबड्या वाफे उकरू नयेत म्हणून भोवती जाळी.

अंडी आणि भाजी विकायची मात्र हिंमत नव्हती. ते भाभींनी केलं. मी टोपली भिंतीवरून पलीकडे द्यायचो, त्या त्यांच्या दारातून विकायच्या. गल्लीला वाटायचं, कोंबड्या भाभींच्याच. त्यांनी मला याबद्दल एका शब्दानं कधी विचारलं नाही.

एकदा मी पिंपातून पाइप सोडून दोडक्याला पाणी घालत होतो. भिंतीपलीकडे ओळखीचा आवाज आला. माझ्याच खात्यातला, माझ्या हाताखालचा एक जण अंडी घ्यायला आला होता. मी जिथे होतो तिथेच वेलाआड खाली बसलो. पाइपचं पाणी पायांवरून वाहत होतं, तरी हललो नाही. तो भाभींशी बोलत राहिला, त्याला दुसरीकडे नोकरी लागल्याचं सांगत राहिला. तो गेल्यावर मी वर पाहिलं, तर भाभी भिंतीवरून बघत होत्या.

"भाऊ, पाणी वाया चाललंय," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात मुलीला बघायला मंडळी यायची ठरली. बायकोनं दोन दिवस आधीच बजावलं, "त्या दिवशी कोंबड्या इथे नकोत." भाभींची नवी गच्ची तयार झाली होती. डालग्यांत घालून मी एकेक फेरी करून सगळ्या कोंबड्या तिकडे पोचवल्या. एक मात्र खुडूक बसलेली होती, अंडी फुटायला आली होती. तिला उठवलं असतं तर अंडी गार पडली असती. तिच्या खोक्यावर मी पोतं टाकलं, अंगण झाडलं, साबणानं आणि मग लिंबानं हात धुतले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसलो.

मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा आले. मामा हडपसरच्या मूळ गावातले, पांढरी टोपी, धोतर. चहापाणी झालं. मुलाच्या वडिलांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "आपण सध्या काय करता?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून पोह्यांचा ट्रे घेऊन येणारी बायको म्हणाली, "ते कन्सल्टिंग करतात. कंपन्यांना सल्ला देतात."

इतक्या सहज म्हणाली की मला लगेच कळलं, हे वाक्य तिनं आज पहिल्यांदा म्हटलेलं नाही. मुलीनं मान खाली घातली.

"अरे वा. कुठल्या क्षेत्रात?"

"प्रॉडक्शन," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला आजही सांगता येत नाही.

पोहे संपवून मामांनी हात कुठे धुवायचे म्हणून विचारलं. मी विचार न करता मागचं दार दाखवलं. ते गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. पिंपावर तांब्या ठेवल्याचा आवाज आला, पोतं सरकल्याचा आवाज आला. इकडे मुलाची आई मुलीला शिक्षणाबद्दल विचारत होती आणि मला एकही शब्द ऐकू येत नव्हता.

मामा धोतराला हात पुसत दारात उभे राहिले.

"पावणं, तुमचं कन्सल्टिंग बघून आलो. झकास हाय. खोक्यातल्या कोंबडीखालची अंडी टोचाय लागल्यात. चला की बघायला समदी."

मुलाला हसू फुटलं, आईनं डोळे वटारल्यावर त्यानं ते गिळलं. माझे कान तापले. बायको रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे बघायची मला सोय राहिली नव्हती आणि तिला माझ्याकडे.

मुलगी उठली. "चला मामा, मी दाखवते," म्हणाली आणि मामांना, मुलाला घेऊन मागे गेली. आम्ही चौघं खोलीत उरलो. मुलाचे वडील पोह्यांचं कौतुक करायला लागले. दाणे छान भाजलेत म्हणाले. त्यांनी काही लागट बोलायला हवं होतं, ते मला सोपं गेलं असतं.

मला बसवेना. मी मागे गेलो. मामा उकिडवे बसून खोक्यात बघत होते. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि आतून इवलीशी चोच हलत होती. मामा सांगत होते, त्यांच्या वाड्यावर पूर्वी असाच कोंबड्यांचा पसारा असायचा, आता शेतात इमारती झाल्या, त्यातल्याच एका इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. "गॅलरीत तुळस बी धड जगत नाय," म्हणाले.

मुलगी त्यांना सांगत होती, "हिची पिल्लं आजाराला टिकतात. म्हणून बाबा हिची अंडी वेगळी ठेवतात. बाजारच्या कोंबड्याची पहिली खेप कमजोर निघाली होती." तिनं कधी कोंबडीला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. मी रात्री जेवताना जे बडबडायचो ते ती ऐकत होती तर. त्या क्षणी मला अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, की तिला हे सगळं माहीत असताना तिनं माझ्या तोंडून ते "प्रॉडक्शन" ऐकलं.

आठ दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला, योग नाही. मध्यस्थ आमच्याच नात्यातले, न विचारता सांगून गेले, "कोंबड्यांचं काही नव्हतं हो त्यांना. पण पहिल्याच भेटीत लपवाछपवी, असं म्हणाले." मुलीनं खांदे उडवले. तिला तो मुलगा आवडलाच नव्हता म्हणे. पुढे दोन वर्षांनी तिनं स्वतःच लग्न ठरवलं. पण त्या दिवशी बायको रडली.

दुपारी आम्ही दोघं गवार निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "शाळेत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा पटकन तोंडातून गेलं. मग तेच सांगत राहिले."

"तुला माझी लाज वाटते, हे कळलं मला," मी म्हणालो.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "मला नाही वाटत. तुम्हाला वाटते. बेल वाजली की तुम्ही आत पळता. भाभींच्या आडून अंडी विकता. मी रोज बघते. मग मला कुणी विचारलं तर मी काय सांगायचं? तुम्ही जे लपवताय ते मी चारचौघांत बोलू?"

दोन वर्षं मी समजत होतो की माझी लाज माझ्यापुरती आहे, कुणाला दिसत नाही. ती लाज मात्र बायकोबरोबर बसनं रोज सदाशिव पेठेत जाऊन येत होती. मी गवारीच्या शेंगांची टोकं मोडत राहिलो. ढिगातल्या सगळ्या शेंगा संपल्या, तेव्हा बायको ताट उचलून आत गेली.

पावसाळ्याआधी भाजी इतकी झाली की भाभींच्या दारात ती खपेना. एका रविवारी मी पाट्या भरल्या आणि हडपसरच्या भाजीबाजारात जाऊन रस्त्याकडेला पोतं अंथरलं. बायकोही बरोबर आली. मी मान खाली घालून बसलो. समोरून फक्त चपला जाताना दिसत होत्या. कुणी थांबत नव्हतं. थोड्या वेळानं बायकोनं पदर खोचला आणि वर्गात हजेरी घेते तशा खणखणीत आवाजात ओरडली, "ताजी गवार! घरची गवार!"

चपला थांबल्या. एक बाई म्हणाल्या, "अय्या, बाई तुम्ही? इथे?" तिच्या शाळेतल्या कुणा मुलाची आई असावी.

"नमस्कार," बायको म्हणाली. "हे आमचे मिस्टर. भाजी यांनीच पिकवलीय. किती देऊ?"

बाईंनी अर्धा किलो मागितली. मी तराजू उचलला. घाईघाईनं शेंगा टाकल्या, पारडं झुलत राहिलं आणि काटा ठरेना. वर बघायचं धाडस मला त्याही वेळी झालं नाही. बायकोनं दोन बोटांनी पारडं धरून स्थिर केलं, वर आणखी मूठभर शेंगा टाकल्या आणि म्हणाली, "पिशवी उघडा."