मामाच्या फोटोची दप्तरं

मेलेल्या माणसाचं तोंड मुलांनी रोज पाठीवर वाहायचं, असं आमच्या घराने ठरवलं.

आज मामाला जाऊन एक वर्ष झालं.

आधी तो फुटपाथवर बसून बॅगांच्या चेन बदलायचा. मग स्वतःची दप्तरं, अंबडला कारखाना, गंगापूर रोडला शोरूम.

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं त्यानेच शिकवली. कापड आखायच्या खडूने, रेक्झिनच्या तुकड्यांवर.

दर जूनमध्ये तो हरसूलजवळच्या एका मुलींच्या आश्रमशाळेला दप्तरं द्यायचा. शोरूममध्ये विकायची तीच. नाव नाही, शिक्का नाही.

"फुकटचं आहे हे लांबून कळलं, की पोरगं वर्गात मान खाली घालतं," म्हणायचा. फोटो तर काढूच द्यायचा नाही.

या वर्षी त्याच्या मुलाने, आमच्या दादाने, प्रत्येक दप्तरावर मामाचा हसरा फोटो शिवून घेतला. खाली 'प्रेरणास्थान'. त्याखाली कंपनीचा लोगो.

कंपनीत डिझाइन मी बघते. सॅम्पल ग्रुपवर आलं. दोनदा 'नको' लिहून खोडलं.
मग "ओके दादा" लिहिलं. वर हात जोडलेला इमोजी.

काल शाळेत वाटप झालं. मुलींना पाठमोरं उभं केलं. ओळीने मामाच मामा.

फोटोग्राफर ओरडला, "ए, सरळ उभी राहा! साहेबांचं नाक दुमडतंय!"

लोक हसले. दादा पण.

सहावीतली एक मुलगी मला हळूच म्हणाली, "ताई, हे वारले ना?"
"हो."
"माझ्या आजाचा घरात एक फोटो नाय. अन् यांना घेऊन रोज फिरू?"

मी तिचं दप्तर मागितलं.
तिने ते घट्ट धरलं. "नाय नाय ताई. फिरते मी. परत नका घेऊ."

इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. स्वतःची धरून.

शाळेतल्या बाईंकडून ब्लेड घेतलं आणि पायरीवर बसून फोटो उसवला. दप्तर तिला परत दिलं. मग दुसरी आली. मग रांगच लागली.

दादा दात खाऊन म्हणाला, "घरची असून? अगं, लोक बघतायत!"
"बघू देत."

शेवटचं दप्तर होईपर्यंत मी उठले नाही.

पण उसवलं तरी टाक्यांची भोकं राहतात. पावसात त्यातून वह्या भिजतील. मामाने असा माल कारखान्याबाहेर जाऊ दिला नसता.

ती भोकं माझ्या 'ओके'ची आहेत.

येते, मामा. नमस्कार.