खोबरेल तेलाचा अंदाज

नागपूरच्या माणसाला आपल्या उन्हाळ्याचा भारी अभिमान. पारा चढला की तो असा सांगत सुटतो, जणू सूर्याखाली लाकडं यानंच सारली. हिवाळ्यात मात्र त्याची पंचाईत होते. थंडीचे आकडे आले की पहिला नंबर बहुतेक गोंदिया पटकावतं आणि नागपूर मागे राहतं. मग आपला नागपूरकर चहाच्या टपरीवर म्हणतो, "हॅट, हे का थंडी हाय?" आणि हळूच नाक पुसतो.

महादेवराव तितरमारे त्यातलेच. हुडकेश्वर रोडवरच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, त्यांचं घर. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि काही महिन्यांत आख्ख्या ले-आउटचे हवामान खाते होऊन बसले. हे पद त्यांना कोणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काढूनही घेता येत नव्हतं.

त्याची सुरुवात गुडघ्यापासून झाली. एका सकाळी टपरीवर तर्री-पोहे खाताना त्यांच्या गुडघ्यात कळ आली आणि ते कण्हत म्हणाले, "आज काही खरं नाही." हे ते गुडघ्याला म्हणाले होते. पण दुपारी गारा पडल्या, ले-आउटमधल्या गाड्यांच्या काचा फुटल्या, आणि संध्याकाळपर्यंत जो तो म्हणू लागला, "तितरमारेजीनं सकाळीच सांगतलं होतं." तितरमारेंनी खुलासा केला नाही. देव छप्पर फाडून देत असताना छपराची चौकशी कशाला करायची?

तेव्हापासून ले-आउटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी 'आजचा अंदाज' पडू लागला. पाऊस सांगितला आणि आला नाही, तर तो वर्धेकडे वळलेला असायचा. नाही सांगितला आणि आला, तर लोकांनी मेसेज नीट वाचलेला नसायचा. लोकही बेरकी, रोज हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे व्हायचे. तितरमारे ते हात मनापासून मोजायचे.

हिवाळ्यासाठी त्यांच्याकडे एकच यंत्र होतं. न्हाणीघराच्या खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली. तेल पांढरं घट्ट झालं की कडाका, अर्धंमुर्धं थिजलं की मध्यम थंडी, आणि पातळ दिसलं की थंडी ओसरली. "उपग्रह तिकडं आभाळात फिरून राहिला," ते म्हणायचे. "हुडकेश्वरात काय चाललं, त्याले का मालूम?"

त्या वर्षी मार्गशीर्षात हवामान खात्यानं पूर्व विदर्भासाठी थंडीच्या लाटेचा इशारा दिला. नागपूर, भंडारा, गोंदिया इकडे रात्रीचा पारा आणखी उतरेल, आठवडाभर तरी सुटका नाही, म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनी जपावं, असं त्यात होतं. नेमकं त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी तितरमारेंच्या एकुलत्या एक मुलीचं, सोनिकाचं लग्न होतं. लग्न भंडारा रोडवरच्या एका लॉनवर, उघड्या आभाळाखाली, आणि वरात येणार होती खुद्द गोंदियाहून.

लॉनला लागून एक बंद हॉलही होता. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "थंडी पाहून घ्या, बुधवारपर्यंत सांगा, हॉल तुमच्यासाठी ठेवतो."

"घेऊन टाका ना हॉल," बायको वंदनाताई म्हणाल्या. "पोरगी काकडून जाईन. नवरदेवाच्या घरची म्हातारी आजी येऊन राहिली."

"लगन लॉनवर होईन, असं मी साऱ्यांले सांगून बसलो," तितरमारे म्हणाले. "अन् खात्याचा अंदाज मानून मी हॉलमंधी घुसलो, तं उद्या ग्रुपवर तोंड काय दाखवू?"

प्रश्न मुलीच्या लग्नाचा होता. तितरमारेंच्या मते तो त्यांच्या नावाचा होता.

बुधवारी सकाळी ते आंघोळीला गेले आणि पाहतात तो काय, बाटलीतलं तेल पाण्यासारखं पातळ! त्यांना अंग पुसायचंही भान राहिलं नाही. टॉवेल गुंडाळून, कुडकुडत, त्यांनी मेसेज टाकला: 'थंडीची लाट मोडली आहे. शनिवारी सायंकाळी हवामान आल्हाददायक राहील. खात्याच्या घाबरवणाऱ्या अंदाजाकडे दुर्लक्ष करावे.' मग मॅनेजरला फोन लावून हॉल नको म्हणून सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण उत्साहाच्या भरात त्यांनी गोंदियाला इवायांना, म्हणजे व्याही मधुकररावांना फोन केला.

"इवाईबुवा, स्वेटर-मफलर काही आणू नका. उगाच बोजा. माझी गॅरंटी समजा."

"तुमी म्हणता तं मंग काय जी," मधुकरराव म्हणाले. साधा माणूस, त्यांनी घरात तसं सांगून टाकलं.

नाश्त्याला बसल्यावर तितरमारेंनी ही आनंदवार्ता सोनिकाला सांगितली. ती चमच्याने पोहे उकरत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ते तेल मीच गरम पाण्यात ठेवलं होतं. आईनं पहाटे माह्या डोक्याले लावून देल्लं."

तितरमारेंनी हातातला घास परत ताटात ठेवला. ताटाशेजारी मोबाईल थरथरला. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, आणि एकानं तर लिहिलं होतं, 'तितरमारेजी असताना खातं पाहिजे कशाला?' एका बाजूला हा मजकूर, दुसऱ्या बाजूला पोटची पोर. मॅनेजरला पुन्हा फोन करायला त्यांना दोन मिनिटं लागली नसती.

"तरीपण," ते घसा खाकरून म्हणाले, "तेल पघळून पातळच राह्यलं, म्हणजे हवेत ऊब असनच."

सोनिकानं एकदा बापाकडे पाहिलं. मग ताट उचलून आत गेली. तिला लागलं, हे तितरमारेंना दिसलं. त्यांनाही आत कुठेतरी टोचलं. मग मोबाईल पुन्हा थरथरला आणि टोचायचं थांबलं.

स्वयंपाकघरातून वंदनाताईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. इतकी वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला याची भीती वाटायला हवी होती. दुपारी त्या मोठी पिशवी घेऊन कुठेशा जाऊन आल्या, तेव्हाही तितरमारेंनी विचारलं नाही.

गुरुवारी बाटलीतलं तेल असं थिजलं की त्यात बोटही रुतेना. शुक्रवारी त्याहून घट्ट. तितरमारेंनी बाटली उचलून कपाटात ठेवली आणि ग्रुपवर लिहिलं, 'जाता जाता थंडी एक दणका देतेच, घाबरू नये.' शुक्रवारी संध्याकाळी मात्र त्यांनी गच्चीवर जाऊन, कोणी ऐकत नाही हे पाहून, मॅनेजरला फोन लावला. हॉल दुसऱ्याच कुणाच्या गेट-टुगेदरला गेला होता.

"काहून जी? पाहिजे होता का?" मॅनेजरनं विचारलं.

"नाही नाही, सहजच विचारलं," तितरमारे म्हणाले.

शनिवारी दिवस मावळला आणि थंडी लॉनवर उतरली. गवत ओलं, खुर्च्यांची पांढरी कापडं ओली, दिव्यांच्या माळांखाली प्रत्येकाच्या तोंडातून वाफ. आइस्क्रीमच्या काउंटरवरचा पोऱ्या घोंगडी पांघरून बसला होता आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. सारी गर्दी रोटीच्या भट्टीभोवती. तिथे एकेक रोटी घेऊन माणसं अर्धा अर्धा तास हात शेकत उभी होती.

ले-आउटची मंडळी झाडून आली होती, आणि एकजात कानटोप्या, कोट, मफलर चढवून. मोबाईलवर हात जोडायला काय जातं? अंगात घालताना मात्र त्यांनी खात्याचंच ऐकलं होतं. आणि या साऱ्यांच्या स्वागताला दारात तितरमारे उभे होते, अर्ध्या बाह्यांचा रेशमी झब्बा घालून. स्वेटर घरी खाटेवर काढून ठेवला होता, पण अंदाज सांगणाराच स्वेटरमध्ये दिसला तर अंदाजाचं राहिलं काय? दंडावर काटा उभा होता आणि हसू गालावर गोठलं होतं.

"वा तितरमारेजी, हवा आल्हाददायक हाय बरं!" शेजारच्या जितेंद्रनं कानटोपीतून म्हटलं.

"नाही तं काय," तितरमारे म्हणाले, आणि पुढचा पाहुणा येईपर्यंत काखेत हात घालून उभे राहिले.

तितरमारेंवर खरा विश्वास ठेवला होता तो फक्त गोंदियाच्या लोकांनी. वरात नाचत नाचत आली तोवर त्यांना ऊब होती. बँड थांबला आणि पातळ कुर्ते, पातळ साड्या थंडीला सापडल्या. नवरदेवाची आजी, सिंधूताई, खुर्चीत पाय वर घेऊन, पदरात तोंड खुपसून बसली. मधुकरराव दात आवळत तितरमारेंजवळ आले.

"इवाईबुवा, आमच्या गोंदियात याच्याहून जास्त थंडी राहते," ते म्हणाले. "पण तिथं आमी स्वेटर घालतो."

बिचाऱ्यांना टोमणा मारायचा नव्हता, खरं तेच सांगत होते. म्हणूनच ते तितरमारेंना जास्त लागलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा 'सावधान' शब्द दातांच्या कडकडाटात तुकडे होऊन बाहेर पडू लागला. लोकांनी अक्षता टाकायला खिशातून हात काढले आणि टाकून लगेच परत घातले. गौरांग, नवरदेव, कोटात होता म्हणून निभावला. अंतरपाटाच्या अलीकडे सोनिका उभी होती. तिच्या हातातला हार हलत होता. तितरमारेंना आधी वाटलं, पोरगी लाजली असेल. मग त्यांना तिचे ओठ दिसले, निळे पडलेले. ती बापाकडे पाहत नव्हती, आणि तेच त्यांना सोसवेना. अंगावरचं काहीतरी काढून तिच्या खांद्यावर टाकावं म्हणून त्यांचा हात वर गेला, आणि रिकामाच खाली आला. अंगावर होता फक्त झब्बा.

लग्न लागलं आणि इवायांच्या सत्काराची वेळ झाली. शाल-श्रीफळ देण्याची आपली रीत आहे. पण सत्काराची शाल पांघरण्यासाठी नसते, फोटोसाठी असते. खांद्यावर टाकायची, फोटो काढायचा, घडी घालून ठेवून द्यायची, आणि पुढे दुसऱ्या कोणाच्या सत्काराला तीच काढायची. तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्रसुद्धा वाचता येतं. तितरमारेंनी तशाच शाली आणायला सांगितलं होतं.

वंदनाताईंनी पिशवी उघडली. आतून निघाल्या जाडजूड लोकरीच्या शाली, हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं लावतात ना, तिथल्या. पहिली त्यांनी सिंधूताईंच्या अंगाभोवती लपेटली आणि हनुवटीखाली गाठच मारली. दुसरी मधुकररावांना, मग विहीणबाईंना, आत्यांना, मावश्यांना. सगळ्यात मऊ होती ती सोनिकाला. फोटोग्राफर थांबून राहिला, पण एकानंही शालीची घडी घातली नाही.

"इहीणबाई, तुमी जीव वाचवला जी," आजी शालीतून म्हणाली.

तितरमारे रांगेच्या टोकाला मान जराशी पुढे करून उभे होते. वंदनाताईंनी पिशवी झटकली आणि घडी करून काखेत मारली.

"अवं," तितरमारे हळूच म्हणाले, "मले?"

"तुमच्यासाठी नाही आणली," वंदनाताई तेवढ्याच हळू म्हणाल्या. "थंडी गेली म्हणून साऱ्या ग्रुपवर टाकलं न तुमी. तुमचा शब्द मी कसा खाली पडू देऊ?"

जेवणं उरकली आणि पाठवणीची वेळ आली. गाडीचं दार उघडं होतं. वंदनाताई रडल्या, मावश्या रडल्या. सोनिका बापाच्या पाया पडली आणि उठताना तिचा हात त्यांच्या उघड्या दंडाला लागला. दंड बर्फासारखा गार होता. तिनं दोन्ही तळव्यांनी तो दंड चोळला, लहानपणी ते तिचे पाय चोळायचे तसा. मग त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, तेलाचं मी तिकडं कोणालेच सांगणार नाही."

तितरमारेंना म्हणायचं होतं, सांग बाई, साऱ्यांले सांग, चुकी माहीच हाय. त्यांनी तोंड उघडलं. पण जबडा काही आवरेना, शब्द एकही फुटेना, नुसते दात वाजत राहिले. सोनिका थोडा वेळ थांबली. मग गाडीत बसली, आणि गाडी भंडारा रोडला लागली.